स्टायव्हेसंट की फिप्स? प्रकल्पासाठी एकच गव्हर्नर निवडताना

अमेरिकेच्या वसाहतकाळावर कॉलेजचा प्रकल्प करायचाय, लढवय्या गव्हर्नर हवाय आणि एकालाच न्याय देता येईल एवढाच वेळ आहे, तर माझ्या मते खरी निवड या दोघांत आहे.

पीटर स्टायव्हेसंट हा डच वेस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६४४ मध्ये सेंट मार्टिन बेटावरच्या हल्ल्यात तोफगोळ्याने त्याचा उजवा पाय गेला. लाकडी पायावर तो १६४७ मध्ये न्यू ॲमस्टरडॅमचा कारभार हाकायला आला. ब्राझीलहून आलेल्या ज्यू निर्वासितांना त्याला हाकलायचे होते. कंपनीने ते होऊ दिले नाही. १६६४ मध्ये इंग्रज आरमार आले, तेव्हा त्याची लढायची तयारी होती, पण गावकरीच तयार नव्हते. गाव गेले, न्यूयॉर्क झाले. कंपनी सरकार कसे चालते हे आपल्याला मुळापासून सांगावे लागत नाही, म्हणून मराठी वाचकाला हा लवकर कळतो.

विल्यम फिप्स त्याहून अवघड. अमेरिकेतल्या मेन भागातला मेंढ्या राखणारा मुलगा, पुढे जहाजांचा सुतार, अक्षरओळख मोठेपणी. १६८७ मध्ये बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून त्याने दोन लाख पौंडांहून जास्त किमतीचा खजिना काढला आणि ‘सर’ झाला. १६९० मध्ये फ्रेंचांचे पोर्ट रॉयल घेतले, त्यांच्याच क्वेबेकला मात्र सपाटून हरला. परतलेल्या सैनिकांचा पगार भागवायला मॅसॅच्युसेट्सने कागदी नोटा काढल्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढा धागाही पुरेल.

पण फिप्स निवडायचा तो १६९२ साठी. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होऊन आला तेव्हा तिथल्या सेलम गावात चेटकाच्या आरोपांवरून तुरुंग भरले होते. त्याने खास न्यायालय नेमले आणि स्वतः सरहद्दीच्या बंदोबस्तात गुंतला. ‘हिची छाया मला छळते’ असल्या साक्षी ग्राह्य धरल्या गेल्या, एकोणीस जणांना फाशी झाली. ऑक्टोबरमध्ये त्याने ते न्यायालय बंद केले. तोवर कुजबुज त्याच्या बायकोच्या नावापर्यंत पोचली होती. त्या एकोणीस जणांसाठी असे कोणी थांबले नाही, हे वाचताना मला आजही फार लागते.

साधनांचे म्हणाल तर सेलमचे खटल्यांचे कागद इंग्रजीत आहेत, स्टायव्हेसंटचे मूळ दप्तर जुन्या डचमध्ये. अनुवादांवर विसंबावे लागेल. मी फिप्स घेईन. फक्त त्याचे पहिले चरित्र त्याच्याच धर्मगुरूने लिहिलेले आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.