कोपरखैरण्याचं बालविकास केंद्र : फी चढी, पण माणसं समजूतदार

मी एपीएमसीच्या घाऊक बाजारात माथाडी होतो, आता घरीच असतो. म्हणून नातीला स्टेशनजवळच्या या केंद्रात न्यायचं काम माझ्याकडं आलं. पोरगी दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळायची नाही, बोट दाखवून काही मागायची नाही.

आधी त्यांनी कान तपासून आणायला लावले, ते ठीक निघाले. मग तिथल्या मॅडमनी सूनबाईला विचारलं, पोटात असताना दारू, तंबाखू काही? ती म्हणाली, छे. "आणि मिश्री?" सून गप्प. आमच्या जावळीकडं मिश्रीला तंबाखू म्हणतंय कोण! मळमळ थांबते म्हणून बायका त्या दिवसांत बिनधास्त लावतात.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला पोसणाऱ्या वारेकडं रक्त कमी जातं, मग बाळाला पोषण कमी पोचतं. मुंबईतल्या 1,217 बायकांचा अभ्यास 2004 साली छापून आला होता, त्यात असा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. निकोटिन आईच्या दुधातूनही उतरतं, तेव्हा मिश्री आता सोडा. पण बोलणं अडलं त्याचं खापर एकट्या मिश्रीवर फोडू नका, हेही त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. नात महिनाभर आधी जन्मली, तो महिना त्यांनी वय धरताना वजा केला.

मग आमच्या घराची चौकशी. टीव्ही किती वेळ चालतो? पोरीशी दिवसभर बोलतं कोण? आता दहा बाय बाराची खोली, मुलगा रात्रपाळीचा, दिवसा झोपलेला. ती गप्प राहावी म्हणून हातात मोबाइल. तो पहिला बंद झाला. महागडी खेळणी आणायला सांगतील असं वाटलं होतं, पण वाटी-चमचा, कांदे-बटाटे यांवरच भागलं. ती आवाज काढेल तेव्हा उत्तर द्यायचं, मग गप्प बसून तिची वाट बघायची. हे बसून राहणं मला गोण्या उचलण्यापेक्षा जड गेलं. आता ती "दे" म्हणते, कबुतर दाखवते. अजून बरंच बाकी आहे.

एका बैठकीला 700 रुपये, आमच्यासारख्याला जड. आणि वेटिंगमध्ये टीव्हीवर कार्टून चालू, बोला आता! रिपोर्ट इंग्रजीत देतात, मराठीत मागून घ्या. पैसे भरण्याआधी अंगणवाडीत विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं मुलांची तपासणी फुकट करतं.