माझाच डायनामो मला 18,500 रुपयांना विकला

1 ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठते, बोटी सुटतात. 28 जुलैला माझ्या बोटीची बॅटरी चार्ज होईना. बर्फ सांगितलेला, सहा खलाशांना उचल देऊन झालेली. त्या तीन दिवसांत मिस्त्री मिळणं म्हणजे काय, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही बोटमालकाला विचारा. जो आला त्याला हो म्हटलं.

त्याने बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू, आकडा 24.6. "शेठ, डायनामो गेला. बॅटऱ्या पण त्यानेच खाल्ल्या." डायनामो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. 24 व्होल्टच्या बोटीला चालू इंजिनावर 28 च्या आसपास दिसायला हवेत, एवढं मलाही कळतं. म्हणूनच पटलं. इथेच माती खाल्ली! मीटर फक्त बॅटरीला लागला, डायनामोच्या बोल्टला एकदाही नाही. टॉर्च मीच धरून उभा होतो, तरी "इकडे पण लावून बघ" एवढं तोंडातून निघालं नाही.

डायनामो 18,500, दोन बॅटऱ्या 28,400, वायरिंग आणि मजुरी 6,800. जुन्या मालाचे 2,000 वजा. एकूण 51,700 दिले, 20,000 यूपीआयने, बाकी रोख. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. जुना माल कुणालाही नेऊ देऊ नका, पैसे वजा करतो म्हणाला तरी.

"नवा" डायनामो दुसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळून आला. खोका नाही. बोटांना चंदेरी रंग लागला, थिनरचा वास येत होता, पट्ट्याच्या खाचेतसुद्धा रंग. विचारलं, तर म्हणे खाऱ्या हवेसाठी कोटिंग मारलंय. मी ते मानलं. आठवलं की अजून अंगाची लाही होते.

नव्या बॅटऱ्या भरून आलेल्या, म्हणून आठ दिवस निघाले. नवव्या रात्री जाळी टाकून इंजिन बंद केलं. पहाटे सेल्फ मारला तर नुसतं टक्. वायरलेस मेलेला. शेजारच्या बोटीने ओढून आणलं, त्यांच्या डिझेलचे 3,500 दिले.

बंदरावरच्या एका म्हाताऱ्या वायरमनने दहा मिनिटांत दोष काढला. डायनामोवर 28.1, बॅटरीवर 24.7. मधली केबल वरून ठणठणीत. टेप सोलली तर लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, आत तांब्याचा हिरवा भुगा. खर्च 260 रुपये. 6,800 घेणाऱ्याने त्या केबलला हातही लावला नव्हता! रंग खरवडला तर डायनामोच्या कानावर, म्हणजे बोल्ट बसतो त्या टोकावर, माझी खाच. बोल्ट बसेना म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच कानस मारली होती.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी मामला आहे. माझीच वस्तू मला विकली, हा दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम मग कशासाठी आहे? दोनदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा "पक्कं बिल आणा". ग्राहक तक्रारीला गेलो तर टेबलावरचा म्हणतो, बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवणारा ग्राहकच असतो, असं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय. ते मी त्याला वाचून दाखवायचं? पाच खेपा, बोट किनाऱ्याला, खलाशी बसून.

बंदीतच केबली उघडून बघा. आधी पट्टा, मग केबल, डायनामो शेवटी. आणि डायनामोवर आजच आपली खूण ठोका.

सोमवारी पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार आहे. डायनामो खोलून पिशवीत नेतोय, साहेबांच्या टेबलावर ठेवून खाच दाखवायला.