बिटलॉकर बंद करताना ‘मॅनेज-बीडीई’ किती उपयोगी पडते

माझ्या पुतणीला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी विंडोज ११ प्रो असलेल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमही बसवायची होती. बिटलॉकर ही विंडोजमधील सोय डिस्कवरील माहिती एन्क्रिप्ट करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवते. ती चालू असताना उबंटूचा इन्स्टॉलर डिस्कवर जागा करून देत नाही, त्यामुळे आधी एन्क्रिप्शन काढणे भाग होते. हे काम सेटिंग्जमधूनही करता येते. परंतु ते अडते तेव्हा विंडोजसोबतच येणारी ‘मॅनेज-बीडीई’ (manage-bde) ही आज्ञा अधिक भरवशाची ठरते, असे माझे मत झाले आहे, आणि हे परीक्षण प्रामुख्याने तिचेच आहे.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावे आणि सर्वप्रथम ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ चालवावे. प्रत्येक ड्राइव्हचा किती टक्के भाग एन्क्रिप्टेड आहे, प्रक्रिया चालू आहे की थांबलेली आहे, संरक्षण सुरू आहे की नाही आणि ड्राइव्ह लॉक आहे का, हे सारे तेथे एका ठिकाणी दिसते. त्यातील ‘प्रोटेक्शन ऑफ’ या ओळीने मात्र फसू नये. बिटलॉकर केवळ ‘सस्पेंड’ केलेले असले तरी हीच ओळ दिसते. त्या अवस्थेत डिस्कवरील माहिती एन्क्रिप्टेडच राहते, फक्त ती उघडणारी किल्ली डिस्कवरच मोकळी ठेवलेली असते. बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट करण्यापुरते सस्पेंड पुरते, पण आमच्यासारख्या कामाला ‘फुली डिक्रिप्टेड’ (एन्क्रिप्शन पूर्ण काढलेले) हे शब्द दिसेपर्यंत थांबावेच लागते.

आमचा पहिला अडथळा डी ड्राइव्हमुळे आला. तो आपोआप अनलॉक होण्याची सोय केलेली होती, आणि त्यासाठीच्या किल्ल्या सी ड्राइव्हवर साठवलेल्या असल्याने सी डिक्रिप्ट होईना. ‘-ऑटोअनलॉक -क्लिअरऑलकीज’ हा पर्याय सी ड्राइव्हसाठी वापरून त्या पुसता येतात. मात्र त्यानंतर डी ड्राइव्ह लॉक झाला की त्याचा पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की (ड्राइव्ह उघडण्याचा राखीव आकडा) द्यावी लागते. म्हणून आम्ही आधी डी ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट केला, मग किल्ल्या पुसल्या आणि त्यानंतर ‘मॅनेज-बीडीई -ऑफ’ सी ड्राइव्हवर चालवले.

दुसरा अडथळा अधिक काळजीचा होता. ६२.८ टक्क्यांवर आकडा थांबला आणि तासभर जागचा हलला नाही. “काका, लॅपटॉप बंद करून पुन्हा लावू का?” असे पुतणीने विचारले, तेव्हा मी तिला आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावल्या. तसे पाहता मध्येच लॅपटॉप बंद झाला तरी डिक्रिप्शन पुढे तेथूनच सुरू होते. पण डिस्क फिरत्या तबकडीची, बरीच वापरलेली होती आणि कॉपी करतानाही एका फोल्डरपाशी खडखड आवाज करीत अडखळत होती. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग, लागला की डिक्रिप्शन तेथेच अडून राहू शकते. फाइल्स सुरक्षित झाल्यावर डिस्क तपासणारे ‘चेकडिस्क’ (chkdsk) ‘/आर’ पर्यायासह पुढच्या रीस्टार्टसाठी लावून दिले. ते रात्रभर चालले. सकाळी ‘मॅनेज-बीडीई -रिझ्यूम’ दिल्यावर आकडा उतरू लागला आणि दुपारपर्यंत शून्यावर आला.

ही आज्ञा परिस्थिती स्पष्ट सांगते, हा तिचा मोठा गुण. उणीव अशी की प्रक्रिया का अडली, ते ती दर वेळी सांगत नाही. त्यासाठी विंडोजमधील घडामोडींची नोंद दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा लागतो, आणि नवख्या माणसाला ते सुचणे कठीण आहे. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग करूच नये. तेथे एन्क्रिप्शन संस्थेच्या धोरणाने लावलेले असते आणि आपण काढले तरी पुन्हा चालू होऊ शकते, तेव्हा आयटी विभागालाच विचारावे.

डिक्रिप्शन सुरू करण्यापूर्वी रिकव्हरी की कागदावर उतरवून हाताशी ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा ते दुरुस्त करताना अनेक ठिकाणी हीच की शोधावी लागली होती. या कीमध्ये सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. लिहून झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत. पुढे बिटलॉकर पुन्हा चालू केल्यास नवी की तयार होते, त्यामुळे त्या वेळी नवा कागद करावा आणि त्यावर तारीख घालावी.