अकरा प्रसंग ते दोघं भेटलेच नव्हते: स्क्रिव्हनरबद्दल

माझ्या पाचव्या कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झाला तेव्हा त्यात ७४ प्रसंग होते. माझी नेहमीची पहिली वाचक, जिचा शब्द मी खाली पडू देत नाही, तो वाचून म्हणाली, "रहस्यानं मला झोपू दिलं नाही. पण त्या दोघांचं जमलं कधी, ते कुठे आहे गं?"

मला ते लागलं. प्रेमाचे प्रसंग मी सगळ्यांत आधी लिहिले होते आणि सगळ्यांत जास्त वेळा फिरवून लिहिले होते. तिच्याशी वाद न घालता मी रात्री स्क्रिव्हनर, म्हणजे मी ज्यात कादंबरी लिहिते ते सॉफ्टवेअर, उघडलं. ज्या प्रसंगांना 'प्रेम' हा कीवर्ड, म्हणजे ओळखीचा शब्द, लावला होता तेवढेच शोधले, त्या शोधाचं कलेक्शन, म्हणजे वेगळी यादी, करून ठेवलं आणि बाकीची कादंबरी बाजूला सारून फक्त तेच सलग वाचले. पाऊण तासात उत्तर सापडलं. ३१व्या प्रसंगात तो तिच्या हातातून फाटका फोटो अलगद काढून घेतो. त्यानंतर ते दोघं समोरासमोर येतात ते थेट ४३व्यात. मधले अकरा प्रसंग आत्या, कपाटाची किल्ली आणि मृत्युपत्र यांनी खाल्ले होते. ते लिहायला मला चार महिने लागले होते, आणि त्या चार महिन्यांत ती दोघं रोज माझ्या डोक्यात होती. त्यामुळे ती पानावर नाहीत हे मला दिसलंच नव्हतं.

त्या रात्रीमुळे हा अभिप्राय लिहावासा वाटला.

आधी मी काय लिहिते ते सांगते, कारण हे साधन माझ्या कामाला का लागू पडलं ते त्याशिवाय कळायचं नाही. माझ्या कथांत प्रेत नसतं, पोलीस क्वचितच येतात. एका घरात एका माणसाचं नाव कुणी घेत नाही, एवढ्यावर गोष्ट सुरू होते. फोटोतून एक चेहरा कापलेला असतो. 'तेव्हा काय घडलं?' हा एक प्रश्न. त्या घरातली कुणीतरी तरुण मुलगी ते शोधायला निघते, वाटेत तिला कुणीतरी भेटतो, आणि 'या दोघांचं जमेल का?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न वाचकाला मागे नेतो, दुसरा पुढे ओढतो. दोन्ही एकमेकांवर टेकलेले असावे लागतात: घरातलं गुपित उलगडल्याशिवाय तिला कुणावर विश्वास टाकता येऊ नये, आणि त्याच्यावर विश्वास टाकल्याशिवाय गुपिताचा पुढचा दुवा हाती लागू नये. ते साधलं नाही तर एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या दोन बारीक कादंबऱ्या उरतात.

स्क्रिव्हनर हे लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर लिटरेचर अँड लाटे या छोट्या ब्रिटिश कंपनीचं. ते तयार करणारे कीथ ब्लाउंट स्वतः लिहू पाहणारे. मनासारखं साधन मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतःच बनवलं. मॅकवर ते २००७ साली आलं, विंडोजवर २०११ साली. सध्याची तिसरी आवृत्ती मॅकला २०१७ साली मिळाली आणि विंडोजला २०२१ साली. एकदाच विकत घ्यायचं, दरमहा वर्गणी नाही. मात्र मॅक आणि विंडोजचे परवाने वेगवेगळे आहेत. आयफोन-आयपॅडची आवृत्ती आहे, अँड्रॉइडची नाही. फोनवरच लिहिणाऱ्या बऱ्याच जणांसाठी हा विषय इथेच संपतो.

त्याची मूळ कल्पना साधी आहे. एका लांबलचक फाइलऐवजी प्रत्येक प्रसंग सुटा लिहायचा. डाव्या बाजूला बाइंडर नावाची यादी असते, त्यात प्रसंग हवे तसे वरखाली सरकवता येतात. दोनचार प्रसंग एकदम निवडले की ते जोडून एकसंध मजकूर म्हणून वाचता येतात. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड असतं, त्यावर दोन ओळींत सार लिहायचं, आणि ती कार्डं बुचाच्या फळ्यावर टाचल्यासारखी समोर मांडता येतात. आधीच्या तीन कादंबऱ्यांच्या वेळी मी हेच खऱ्या कार्डांवर आणि जमिनीवर करायचे. पंख्याच्या एका झोतात दोन पिढ्यांचा क्रम उलटापालटा झालेला मी पाहिला आहे.

माझ्या दृष्टीनं यातली सगळ्यांत मोलाची सोय तिसऱ्या आवृत्तीत आली. कार्डं लेबलनुसार मांडता येतात, म्हणजे प्रत्येक लेबलच्या रंगाची एक आडवी रेघ आणि त्या रेघेवर त्या लेबलची कार्डं, कथेच्या क्रमानं. मी रहस्याला निळा रंग दिला होता, प्रेमाला लाल. त्या रात्री कलेक्शन वाचून झाल्यावर हे दृश्य उघडलं तर लाल रेघेवर मधोमध ओसाड जागा दिसली. ती अकरा प्रसंगांची जागा. पण त्याहून मोठी गोष्ट बाकीच्या भागात दिसली. निळं कार्ड, मग लाल, मग निळं, मग लाल. दोन वक्त्यांनी एकमेकांना आदरानं पाळी द्यावी तसं. कागद शोधायचा प्रसंग संपला की भेटीचा प्रसंग, भेट संपली की पुन्हा कागद. कोणत्याच भेटीत कागद नव्हता आणि कोणत्याच कागदात भेट नव्हती.

एका प्रसंगाला लेबल एकच लावता येतं. कीवर्ड कितीही लावा, लेबल एक. आधी ही मला अडचण वाटली, कारण ज्या प्रसंगात दोन्ही धागे आहेत त्याला कोणता रंग द्यायचा? मग मी तिसरं लेबल केलं, जांभळं, आणि त्याला नाव दिलं 'गाठ'. ज्या प्रसंगात एकाच कृतीनं रहस्य पुढे सरकतं आणि त्या दोघांमधलं अंतरही बदलतं, तीच गाठ. ते दोघं एकत्र बसून पत्र वाचतात एवढ्यानं गाठ होत नाही. पत्र वाचताना त्याला अक्षर ओळखू येतं, तो ते लपवतो, आणि त्यानं काहीतरी लपवलं हे तिला कळतं, तेव्हा होते. या कसोटीवर पहिल्या खर्ड्यात ७४पैकी फक्त ६ प्रसंग उतरले. छापायला गेलेल्या खर्ड्यात ६८ प्रसंग होते आणि त्यातल्या गाठी २३. पुनर्लेखनाचं ते सगळं वर्ष या दोन आकड्यांमधलं आहे.

कुटुंबाच्या रहस्यात दुसरी डोकेदुखी म्हणजे कुणाला काय माहीत आहे. वाचकाला एक माहीत असतं, नायिकेला दुसरं, आत्याला सगळं माहीत असून ती गप्प, काकूला अर्धंच पण तेही चुकीचं. इथे आउटलाइनर कामी आला. त्यात प्रसंगांचा तक्ता दिसतो आणि त्या तक्त्यात आपले स्वतःचे रकाने घालता येतात: मजकुराचे, खुणेच्या चौकटीचे, यादीतून निवडायचे, तारखेचे. मी 'तिला ठाऊक', 'त्याला ठाऊक', 'वाचकाला ठाऊक' असे तीन रकाने केले, आणि चौथा 'कथेतली तारीख'. ७४ ओळी भरायला आठवडा गेला. कंटाळवाणं काम आहे, पण तो आठवडा टाळू नका. भरता भरता ५२व्या ओळीशी मी थांबले. ज्या पत्राबद्दल काकूला ५५व्या प्रसंगात कळतं, त्या पत्रातलं वाक्य ती ५२व्यातच बोलून गेली होती. वाक्य इतकं सुरेख जमलं होतं की चार वाचनांत ते कुणालाच खटकलं नव्हतं. मग विचार केला, काकूला ते खरंच आधीपासून माहीत असेल तर? चूक दुरुस्त करायच्या ऐवजी मी तिला गुपितात सामील करून घेतलं, आणि शेवटाला जो धक्का आहे तो तिथून आला.

त्याच पत्राची आणखी एक गोष्ट. कादंबरीत ते चार ठिकाणी उद्धृत होतं. माझ्या एका आधीच्या पुस्तकात असंच एक पत्र होतं, आणि 'तुझी वाट पाहीन' हे पुढे 'तुझी वाट बघेन' झालं होतं. वाचकांनी त्यात दुवा शोधला. दोघीजणींनी मला लिहून विचारलं की पत्र बनावट होतं का. रहस्य वाचणारा माणूस प्रत्येक शब्द पुरावा म्हणून जपून ठेवतो, त्याला असं फसवणं मला फार लागलं. आता मूळ पत्र संशोधनाच्या फोल्डरात एकदाच ठेवते आणि लिहिताना खिडकी दुभागते: एका बाजूला पत्र, दुसऱ्या बाजूला प्रसंग.

स्नॅपशॉटबद्दल थोडक्यात. प्रसंग बदलण्याआधी त्याची प्रत टिपून ठेवता येते, नंतर दोन प्रतींमधला फरक पाहता येतो, जुनी परत आणता येते. कबुलीच्या प्रसंगाचे माझ्याकडे नऊ स्नॅपशॉट आहेत. शेवटी छापला तो तिसरा, त्यात सातव्यातलं एक वाक्य घालून. जुनं हरवत नाही हे ठाऊक असलं की हात धीट होतो, म्हणून मला ही सोय आवडते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. युनिकोडमध्ये टंकलेखन करत असाल तर मजकूर, कार्डं, कीवर्ड, रकान्यांची नावं सगळं देवनागरीत ठेवता येतं. मेनू मात्र मराठीत नाहीत. स्पेलचेक मी बंदच ठेवते. रोजच्या शब्दांचं लक्ष्य ठरवायची सोय छान आहे, पण इंग्रजी लेखकांनी सांगितलेले आकडे जसेच्या तसे उचलू नका. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'घरामध्येसुद्धा' हा आपला एक शब्द, तिकडे त्याचे चार होतात. मी रोजचं लक्ष्य ६०० ठेवलं आहे आणि ते भरपूर आहे.

अवघड भाग कम्पाइलचा. सुटे प्रसंग जोडून संपादकाला द्यायची एक फाइल तयार करणं, हे ते काम. वर्ड, पीडीएफ, ईपब अशा अनेक प्रकारांत फाइल निघते, पण तिथे पर्यायांचं जंगल आहे आणि ते एका बैठकीत कळत नाही. मी शहाणपणानं एवढंच केलं की अर्ध्या कादंबरीतच एकदा पूर्ण फाइल काढून पाहिली, प्रकरणांची शीर्षकं आणि फाँट नीट बसवले आणि ती रचना जपून ठेवली. हे काम मुदतीच्या आदल्या रात्रीवर टाकू नये. आणखी एक: संपादकाशी एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी काम करायचं असेल तर हे त्यासाठी नाही. माझ्या संपादकबाई वर्डमध्ये खुणा करतात, मी त्या बघून स्क्रिव्हनरमध्ये हातानं दुरुस्त्या करते. वेळ जातो, पण प्रत्येक खुणेपाशी मी पुन्हा विचार करते, म्हणून मला तो वेळ वाया गेलासा वाटत नाही.

बॅकअपची सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. प्रकल्प बंद करताना ते आपोआप प्रत ठेवतं, पण ठरावीक संख्येनंतर जुन्या प्रती काढून टाकतं. ती संख्या वाढवा आणि प्रती मूळ फाइलपासून दूर, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. प्रकल्प म्हणजे दिसायला एक वस्तू असली तरी आत असंख्य छोट्या फाइली असतात. ढगात, म्हणजे क्लाउडवर, ठेवलेला प्रकल्प दोन संगणकांवर एकदम उघडू नका, आणि एकावरचं काम पूर्ण चढल्याशिवाय दुसऱ्यावर हात लावू नका.

कुणी घेऊ नये? जे लघुकथा लिहितात, किंवा पहिल्या वाक्यापासून शेवटापर्यंत सरळ लिहीत जातात, त्यांना साधा वर्ड प्रोसेसर पुरे. रंग आणि रकाने भरण्यात लिहायचं राहून जाण्याचा धोकाही खरा आहे. पाचव्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याच्या वेळी मी फक्त कार्डं आणि कीवर्ड वापरले, लेबलं आणि तक्ता खर्डा पूर्ण झाल्यावर. घ्यावंसं वाटत असेल तर आधी चाचणीची आवृत्ती उतरवून घ्या. तिचे ३० दिवस प्रत्यक्ष वापराचे मोजले जातात, कॅलेंडरचे नाही. आठवड्यातून दोनच दिवस लिहीत असाल तर साडेतीन महिने मिळतात. त्यात नमुन्याचं काहीतरी लिहून पाहू नका, अडकलेलं खरं हस्तलिखित आत घ्या. प्रसंगांच्या मध्ये # खूण टाकून ठेवली असेल तर आयात करतानाच त्याचे सुटे तुकडे करता येतात.

कापलेल्या प्रसंगांसाठी मी मुख्य मसुद्याच्या बाहेर एक फोल्डर ठेवते, तिथलं काही अंतिम फाइलमध्ये जात नाही. त्या अकरा प्रसंगांपैकी पाच आता तिथे आहेत. आत्या कपाटासमोर एकटीच बसून किल्ली फिरवत राहते, तो प्रसंगही. तो मी लिहिलेल्या सगळ्यांत चांगल्या पानांपैकी आहे असं मला अजून वाटतं, आणि त्याची जागा त्या कादंबरीत नव्हती. गेल्या महिन्यात सहाव्या कादंबरीचा प्रकल्प सुरू केला, तीच लेबलं आणि तेच रकाने साचा म्हणून घेऊन. अजून सातच कार्डं आहेत. पाच जांभळी.