स्टीअरिंगचा रॅक बदलला म्हणून 28,500 घेतले, आणि केलं काय? टायरमधली हवा काढली!

आधीच सांगतो, गाडीच्या बाबतीत मी अगदीच अडाणी नाही. ऑइल, कूलंट स्वतः बघतो, स्टेपनी स्वतः बदलतो. तरीही रॅकच्या (स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) नावाखाली मला 28,500 रुपयांना टोपी घातली गेली. वाचा आणि सावध व्हा.

गाडी 2009 सालची सेडान, हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने मदत होणाऱ्या पॉवर स्टीअरिंगवाली. तक्रार एवढीच, की स्टीअरिंग नको तितकं हलकं आणि चपळ झालं होतं. गल्लीबोळात ठीक, पण हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की नुसतं बोट लागलं तरी गाडी लेन सोडायची. सरळ चालवायची म्हणजे सतत इकडे-तिकडे सावरत बसायचं. बायको शेजारी हँडल धरून बसायची.

गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मोठी पाटी, दोन लिफ्ट, काचेची वेटिंग रूम, चकाचक. मालकाने गाडीची एक चक्कर मारली आणि तोंड पाडून उतरला. "रॅक गेलाय सर. हायवेला कधीही लॉक होईल. फॅमिली असते ना गाडीत?"

फॅमिलीचं नाव काढलं की आपला हात खिशात जातो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. रॅक खरंच गेला की ऑइल गळतं, खड्ड्यात खटखट येते, नाहीतर स्टीअरिंग जड होतं. हायड्रॉलिक बंद पडलं तरी स्टीअरिंग आणि चाकांचा जोड लोखंडी असतो, तो राहतोच. जोर लावावा लागतो, पण गाडी वळते. माझ्या गाडीला गळती नव्हती, आवाज नव्हता, आणि स्टीअरिंग जड नाही, उलट हलकं झालं होतं. आज हे सगळं तोंडपाठ आहे. तेव्हा समोर लिफ्टवर चढलेली गाडी आणि डोक्यात लॉक झालेलं स्टीअरिंग. अशा वेळी कोण उलटतपासणी घेत बसतं?

15,000 ऍडव्हान्स यूपीआयने घेतले, गॅरेजच्या खात्यावर नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर. "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वर लागेल सर." सगळेच असं म्हणतात, आणि आपण सगळेच "राहू द्या" म्हणतो. मला हसू नका. जुना रॅक परत द्या म्हणालो, तर म्हणे रिकंडिशन्ड रॅक एक्स्चेंजमध्ये येतो, जुना जमा करावा लागतो. हेही पटण्यासारखंच होतं, कारण एक्स्चेंजची पद्धत खरोखर असते. खोटं असं खऱ्याच्या कुशीत घालून देतात.

गाडी घ्यायला गेलो, चालवली, आणि स्टीअरिंग खरंच जड झालेलं! घट्ट, शांत, उडी नाही. मी खूश. म्हणून तर उरलेले 13,500 निमूट दिले. काम झालेलं स्वतःच्या हाताला लागत असताना पैसे कोण अडवून धरतं?

आता तो क्षण, ज्याची आठवण आली की अजून अंगाचा तिळपापड होतो. त्या कच्च्या कागदावर चार ओळी होत्या. रॅक असेंब्ली 19,800. लेबर 4,500. पॉवर स्टीअरिंग ऑइल 1,350. ईपीएस मोटर कॅलिब्रेशन 2,850.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. ऑइल आणि ईपीएस मोटर, एकाच कागदावर, एकाखाली एक! ईपीएस म्हणजे इलेक्ट्रिक स्टीअरिंग. त्यात मोटर असते, सेन्सर असतो, ऑइल नसतं. माझ्या गाडीत बॉनेट उघडलं की ऑइलची डबी समोर दिसते, तिच्यात मीच कितीदा ऑइल टाकलंय. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, ऑइलचा दाब रॅकला मदत करतो, बस्स. त्या गाडीला कॅलिब्रेट करायला मोटरच नाही. माझं बोट त्या ओळीवर होतं. मी विचारलंसुद्धा, हे कशाचं? तो म्हणाला, "आता सगळं सेन्सरवरच असतं सर," आणि फोन कानाला लावून आत गेला. मी बोट उचललं आणि पिन टाकला.

आणि कागदावर जी ओळ नव्हती तीही बोलत होती: व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. रॅक उतरवायचा तर टाय रॉड, म्हणजे रॅक आणि चाकं जोडणाऱ्या दांड्या, सोडाव्या लागतात, नंतर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी बाहेर काढताच येत नाही. रॅक बदलल्याचं बिल आहे आणि अलाइनमेंटचा प्रिंट नाही, तर तिथेच थांबा, पैसे देऊ नका.

भांडं फुटलं ते पेट्रोल पंपावर. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "काका, पुढच्या दोन्हीत वीसच आहे." दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 30 लिहिलंय. तीस भरून घेतली, हायवेला लागलो, आणि स्टीअरिंग पुन्हा जसंच्या तसं, बोट लावलं की उडी. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की रबर रस्त्याला जास्त चिकटतं, स्टीअरिंग जड आणि सुस्त होतं. हीच त्यांची दुरुस्ती! पैशाचं सोडा. वीसच्या हवेवर हायवेचा वेग म्हणजे टायर तापून फुटायला आमंत्रण. फॅमिलीची काळजी करणाऱ्या माणसाने माझ्या बायकोला आणि पोराला तशा गाडीत बसवून पाठवलं होतं.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी वर घेतली, बॅटरी मारली आणि मलाच खाली बोलावलं. रॅकवर काळा स्प्रे मारलेला. तोच स्प्रे क्लॅम्पवर, नटांवर, शेजारच्या पाइपवर. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी जरा खरवडलं, तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली वर्षानुवर्षांची माती-तेलाची काळी साय. नटांचे कोपरे गंजलेले, पाना लागल्याची एक चकाकती रेघ नाही. रॅक जागचा हललाच नव्हता. गाडीखाली आडवं पडून गॅरेजवाल्यांनी नुसतं रंगकाम केलं होतं. असो.

खरा दोष? लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, आणि पुढची चाकं टो-आउट, म्हणजे पुढून बाहेरच्या बाजूला फाकलेली. चाकं अशी असली की गाडी सरळ राहायचं सोडून जरा इशारा मिळताच वळायला बघते. बुश 1,100, मजुरी 900, अलाइनमेंट 450. एकूण 2,450. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंट हातात दिला, मागावा लागला नाही. (आणि कुणी प्रिंटशिवाय "कॅस्टर सेट केला", म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल बदलला, म्हणून पैसे मागितले तर विचारा, कुठून केला? बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टोच बदलता येतो, कॅस्टरला कंपनीने सोयच दिलेली नसते.)

यापुढचा भाग लिहिताना रक्त जास्त उसळतं. पोलीस ठाण्यात गेलो. फोटो, व्हिडिओ, यूपीआयची पावती, तो कागद, सगळं घेऊन. साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. "शिक्का कुठाय?" ज्याला फसवायचंच आहे तो कागदावर शिक्का कशाला मारेल? "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, न बदललेला पार्ट बदलला सांगून पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे, पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. त्यावर बाकावरचे हवालदार हसले. "शिकलेले दिसता, मग फसलात कसे?" तक्रार घेणं ज्यांचं काम, तेच फसलेल्या माणसाची परीक्षा घेतात! साधा अर्ज घेऊन पोचसुद्धा देईनात. "मोठे साहेब आल्यावर या." मोठे साहेब बंदोबस्ताला. नंतर गेलो तर मीटिंगला. मग आरटीओत विचारलं, तर खिडकीवरून उत्तर आलं की गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग येतं कुणाच्या? खिडकी बंद, जेवणाची वेळ. गॅरेजवाल्याला हे सगळं माहीत असतं हो, त्याची हिंमत तिथूनच येते.

अर्ज पोच घेतल्याशिवाय देऊ नका. हाताने घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

ग्राहक आयोगाचं (साहेब ज्याला मंच म्हणाले तेच) मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे जायला लोक उगाच घाबरतात. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज कुठेही असो. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. आणि पक्कं बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे "बिल नाही तर केस नाही" असं कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पण आदेश देण्याचा अधिकार आयोगाचा.

जुना पार्ट हातात घ्या. एक्स्चेंजची सबब सांगितली तर किमान काढताना समोर उभे राहा, आणि कामाच्या आधी पार्टवर खडूने किंवा मार्करने गुपचूप खूण करून फोटो काढा. ट्रायल घ्यायच्या आधी चारही टायरची हवा मोजा. दोनशे-तीनशे रुपयांचा गेज मिळतो, गाडीतच ठेवा.

मी गॅरेजला नोटीस पाठवली. ती "घेण्यास नकार" शेरा मारून परत आली. लिफाफा फोडलेला नाही, तसाच आयोगाच्या तक्रारीला जोडलाय. त्यानंतर मालकाचा फोन आला, आवाज एकदम गोड. "सर, गैरसमज झाला, पाच हजार देतो, मिटवून टाकू." कॉल रेकॉर्ड केला आहे. 28,500 अधिक 2,450, म्हणजे 30,950, आणि त्यावर व्याज मागितलंय. मिटवणार नाही.