गॅलरीतले टोमॅटो, एक हंगाम खाऊन झाल्यावर: सगळं भांडण सालीशी

खरं तर मार्चअखेर सगळी झाडं उपटून झाल्यावर सावकाश लिहिणार होते. पण ज्याने भलत्याच जातीचं बी पाठवलं त्या विक्रेत्याचा काल मेल आला, 'परताव्याची मुदत ७ दिवसांची असल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' टोमॅटोचं बी रुजायलाच आठवडा घेतं आणि फळ ताटात यायला तीन महिने. ७ दिवसांत मी परत काय करायचं होतं, ओली माती?

ठाणे, कोलशेत रोड, सहावा मजला, दक्षिणेची गॅलरी. ग्रो बॅग, कोकोपीट, शेणखत, निंबोळी पेंड हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यात जात नाही. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन थेट आतपर्यंत येतं आणि एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर गेला की गायब होतं, त्यामुळे आपला हंगाम आपोआप ठरतो. ऑक्टोबरात फुलं आली, पण रात्रीही उकाडा हटत नव्हता, सगळी गळून पडली. रात्री गार व्हायला लागल्या तशी फळं धरायला लागली. मधमाश्या इतक्या वर क्वचितच येतात, त्यामुळे सकाळी फुलांच्या घोसामागे बंद पडत आलेला बॅटरीवाला टूथब्रश धरायचा, पराग झडतात. शेजारच्या काकू अजून माझ्याकडे संशयाने बघतात.

लावलं काय काय? पुसा रुबी, ३० रुपयांचं पाकीट. अर्का रक्षक, म्हणजे बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेचा संकर. चेरोकी पर्पल, १८० रुपयांत १० बिया. आणि वरची तक्रार ज्याची होती ते 'ब्रँडीवाइन', १९९ रुपये. चेरी टोमॅटोही होता, तो पोरांनी झाडावरच संपवला. गोड होता, पुढे काही सांगण्यासारखं नाही.

आधी ब्रँडीवाइन निकालात काढते. या जातीचं पान बटाट्याच्या पानासारखं असतं, रुंद आणि कडा सरळ. माझ्या रोपांची पानं नेहमीच्या टोमॅटोसारखी दातेरी निघाली. रोप वीतभर असतानाच फोटो पाठवला, तर उत्तर आलं, 'फळ येईपर्यंत थांबा.' थांबले. गुलाबी, मोठं, किंचित वेडंवाकडं फळ यायला हवं होतं. आलं गोल, लालभडक, टणक, बाजारच्या टोमॅटोचं सख्खं भावंड. पुन्हा फोटो पाठवला, तर उत्तर: 'हवामानानुसार रंगात फरक पडू शकतो.' पानाच्या आकारातही पडतो का, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या टोमॅटोची साल इतकी चिवट, की सासूबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अगं, याने रेनकोट घातलाय का?"

तिथून माझं सालीचं वेड सुरू झालं. टोमॅटोची चव म्हणजे साखर, आंबटपणा आणि वास यांचा मेळ, हे सगळेच सांगतात. सालीबद्दल कोणी बोलत नाही. कोशिंबीर करून बघा. जाड सालीच्या टोमॅटोवरून घरातली सुरी आधी घसरते, मग टोक खुपसून कापावं लागतं. खाताना गर विरघळतो आणि साल तशीच टाळूला चिकटून राहते. फोडणीत टाकला तर सालीची गुंडाळी होऊन दाभणासारखी टोचते. आमच्याकडे जेवण झाल्यावर सासूबाईंच्या ताटाच्या कडेला अशा लाल गुंडाळ्या ओळीने लावलेल्या असतात. बोलत काही नाहीत, पण मला दिसतात. नारायणगावहून क्रेटमध्ये एकावर एक रचून वाशीच्या मार्केटला येणाऱ्या मालाला जाड साल लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या टोमॅटोचा प्रवास गॅलरी ते ओटा एवढाच आहे, त्याला चिलखत कशाला?

या परीक्षेत पुसा रुबी सहज पहिली. फळ चपटं, बाजूंना हलक्या खाचा, दिसायला साधं. साल दाताखाली कळतही नाही. आंबटपणा ठसठशीत, मागून गोडवा. आतला बियांभोवतीचा बुळबुळीत भाग भरपूर, आणि खरी चव तिथेच असते. कोशिंबिरीसाठी तो काढून टाकणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. तोटा एवढाच की पिकल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली टोमॅटोतली वास तयार करणारी यंत्रणा मंदावते, आणि फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की आठवडाभर ५ अंशांत ठेवलेला टोमॅटो नंतर बाहेर काढला तरी तो वास पूर्ण परत येत नाही. आमच्याकडे फ्रिजमधून काढून टोपलीत ठेवायचं काम माझं, परत आत ठेवायचं सासूबाईंचं.

चेरोकी पर्पल. १९९० साली टेनेसीतून क्रेग लेहूलियर नावाच्या अमेरिकन हौशी बागवानाकडे याचं बी टपालाने आलं, नाव त्यांनीच ठेवलं. मला मात्र एक बी १८ रुपयांना पडलं. रंग जांभळट तपकिरी, देठाजवळचे खांदे पिकल्यावरही हिरवट. हे खांदे दोष समजून काढायला जाऊ नका. सगळीकडून एकसारखा लाल होणारा टोमॅटो निवडताना ज्या जनुकावर पाणी सोडावं लागलं, तेच फळात हरितद्रव्य वाढवून साखरेला हातभार लावतं, असं २०१२ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलं होतं. चव खरोखर वेगळी, खोल, जवळजवळ खारट. नुसतं मीठ लावून खायचा टोमॅटो. पण फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली निम्मी तडकली. खतपाण्यासकट हिशेब केला तेव्हा नवरा म्हणाला, "यापेक्षा हापूस आणला असता." बोलायला काही ठेवलं नाही त्याने.

आता अर्का रक्षक. जानेवारीत मी मैत्रिणीला लिहिलं होतं, 'दिसायला देखणा, खायला पाणी, साल चामडं, घेऊ नकोस.' फेब्रुवारीत दोन गोष्टी घडल्या. पांढरी माशी आली आणि पुसा रुबीची पानं चुरडून वाटीसारखी झाली. पिवळे चिकट सापळे लावले, नीम तेल मारलं, एकेक झाड मान टाकत गेलं. रक्षक ढिम्म उभा. पांढऱ्या माशीने पसरणारा, पानं अशी चुरडणारा पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिघांनाही तोंड देईल अशीच ती जात आहे. दुसरी गोष्ट, त्याच सुमारास आम्ही चार दिवस गावाला होतो, पाणी कमी पडलं, आणि परत आल्यावर तोडलेली फळं चक्क चवीला लागली. पाणी कमी मिळालं की फळात साखर-आंबट दोन्ही घट्ट होतं. तेव्हापासून फळ रंगावर आलं की त्याचं पाणी मी निम्मं करते. पाणी एकदम बंद करू नका, नाहीतर फळाचं खालचं टोक काळं पडतं. कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं ते, पण मूळ दुखणं पाण्याच्या धरसोडीचं.

तर रक्षक आता माझ्या नजरेत वर आला आहे, पण सालीला माफी नाही. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल सोलायची आणि नारळाच्या दुधात सार करायचं. तिथे तो पुसा रुबीपेक्षा उजवा ठरतो, कारण गर जास्त आणि रंग सुरेख. कोशिंबिरीत अजूनही नाही.

पुढच्या हंगामाला पुसा रुबी जास्त, रक्षक थोडे, चेरोकीचं एक झाड हौसेला. रक्षकचं बी धरू नका, संकरित आहे, दुसऱ्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. त्याचं दरवर्षी नवीन पाकीट घ्यावं लागतं. पुसा रुबीचं मात्र घरचं बी चालतं. विषाणू लागायच्या आधी तोडलेल्या दोन फळांतलं मी काढून ठेवलं आहे. बियांवरचं बुळबुळीत आवरण रुजू देत नाही, म्हणून वाटीत दोन दिवस आंबवायचं, वास मारेल, मारू द्या. मग चाळणीत धुवायचं आणि स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवायचं. वर्तमानपत्रावर पसराल तर बातमीसकट खरवडून काढावं लागेल.