मनोरुग्णालयाची भिंत: रंगवायची, टाइल्स लावायच्या की छापील फलक बसवायचा?

कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी येतो, चित्रकार ठरतो आणि मग सोयीची मोकळी भिंत शोधली जाते. हा क्रम उलटा आहे. आधी भिंत ठरवा. ओपीडीत माणूस तास-दोन तास बसतो, सोबत नातेवाईक असतात. बंद वॉर्डात तो तीच भिंत आठवडेच्या आठवडे पाहतो आणि तिच्यासमोरून उठून जाणं त्याच्या हातात नसतं. या दोन भिंतींना एकच उत्तर चालत नाही.

बंद वॉर्डासाठी थेट भिंतीवर रंगवलेलं चित्रच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. रंगाला कड नसते, त्यामुळे त्यात काही अडकवता येत नाही आणि उचकटायलाही काही सापडत नाही. खरवडलं गेलं तर तेवढाच भाग पुन्हा रंगवता येतो. त्यासाठी प्रत्येक छटेचा कोड नोंदवून अर्धा-अर्धा लिटर रंग राखून ठेवावा. या पर्यायाचा खरा शत्रू ओल. फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि 24 तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर आधी गळती शोधा. नवा सिमेंटचा गिलावा किमान 28 दिवस वाळू द्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. जुन्या दगडी इमारतीत चुन्याचा गिलावा असेल, तर त्यावर पुट्टी आणि ॲक्रिलिक चढवू नका. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर चित्र पापुद्र्यांनी सुटायला लागतं. तिथे चुन्याचे किंवा सिलिकेटचे, भिंतीला श्वास घेऊ देणारे रंगच हवेत. ॲक्रिलिकने रंगवलेल्या चित्रावर शेवटी मॅट वार्निशचे दोन हात द्या. चकचकीत वार्निशवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्रच दिसत नाही.

टाइल्स महाग पडतात आणि वेळही खातात, पण ओपीडी, प्रवेशद्वार आणि बागेच्या भिंतीला त्यांच्याइतकं टिकाऊ काही नाही. फिनाइलने पुसा, पावसात भिजू द्या, रंग जात नाही. झिलईवर रंगवलेली टाइल साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसवर पुन्हा भाजली जाते आणि भट्टीत छटा बदलते, म्हणून आधी नमुना भाजून पाहा. दहा टक्के टाइल्स जास्त करून घ्या, कारण वर्षभराने तीच छटा मिळत नाही. बसवताना मसाला टाइलच्या पूर्ण पाठीवर पसरला पाहिजे. ठेकेदार बहुतेक वेळा चार कोपऱ्यांत गोळे ठेवतो. ती टाइल पोकळ राहते आणि धक्का लागला की तिच्या धारदार फाका होतात. बिल देण्याआधी एकेक टाइल बोटाच्या पेराने वाजवून घ्या. लहान तुकड्यांचं मोझेक मात्र बंद वॉर्डात नकोच, कारण सैल झालेला एक तुकडाही जखम करायला पुरतो.

छापील फलक स्वस्त असतात आणि दोन दिवसांत लागतात, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल. लावायचेच असतील तर काच नको, पॉलिकार्बोनेट म्हणजे सहज न फुटणारं पारदर्शक प्लास्टिक घ्या. स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने न सुटणारे असावेत आणि कडेची फट नखाने न निघणाऱ्या सीलंटने भरलेली असावी. बाहेर जायच्या वाटेवर ज्वलनशील फलक लावू नका.

चित्रात काय असावं, हा प्रश्न साहित्यापेक्षा मोठा आहे. संशयाने ग्रासलेल्या माणसाला रोखून पाहणारा चेहरा छळतो. डोळे, भोवरे, काळ्यापांढऱ्या दाट रेघा, गर्दी हे सगळं टाळा. रुग्णालयांच्या रचनेचा रुग्णांवरचा परिणाम अभासणारे संशोधक रॉजर उलरिच यांनी स्वीडनमधल्या एका मनोविकार वॉर्डाची नोंद मांडली आहे. तिथे रुग्णांनी हल्ले केले ते अमूर्त चित्रांवर, निसर्गचित्रांवर नाही. म्हणून भाताची खाचरं, बहावा, खंड्या, नदीचा घाट असं ओळखीचं काही असू द्या. ‘सकारात्मक विचार करा’ ही पाटी तर नकोच नको. सकाळी उठणंही जड जाणाऱ्या माणसाला ती रोज दोष देत राहते. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. वॉर्डात बरेच जण जमिनीवर बसतात किंवा पडून असतात. चित्राचा जीव पाच फुटांवर ठेवला तर तो फक्त राउंडला आलेल्या डॉक्टरांना दिसतो. तो अडीच-तीन फुटांवर आणा. रंगवण्याआधी त्याच मापाचा कागदी आराखडा आठवडाभर भिंतीवर चिकटवा आणि रात्रपाळीच्या परिचारिकांना विचारा. मंद दिव्यात झाडाची फांदी कशासारखी दिसते, हे त्यांनाच ठाऊक असतं.

रुग्णांना सहभागी करायचं असेल, आणि करावंच, तर सहा-आठ जणांचा गट आणि पाऊण तासाचं सत्र पुरे. औषधांनी हात कापतो, म्हणून जाड दांड्यांचे ब्रश आणा. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांची त्वचा उन्हात पोळते आणि लिथियम या औषधावर असलेल्यांना घाम गाळून शरीरातलं पाणी कमी होणं धोक्याचं असतं. त्यामुळे मे महिन्यात बागेच्या भिंतीवर त्यांना उभं करू नका. ब्रश, कात्र्या, पुट्टीच्या पत्र्या सत्राआधी आणि नंतर मोजा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कामाची सक्ती करता येत नाही आणि काम करून घेतलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. देणगीदाराच्या उद्घाटनाच्या दिवशी नेमका हाच नियम मोडला जातो.

करारात चित्रकाराचं मानधन आणि साहित्याचा खर्च वेगवेगळा लिहा आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. चित्र पुसायची किंवा भिंत पाडायची वेळ आली तर काय करायचं, हेही त्यात आजच लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवलं गेलं आणि ते न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारला पाच लाखांची भरपाई द्यायला आणि शिल्पाचे अवशेष परत करायला सांगितलं. चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचं आणि दुरुस्ती कोण करणार, या दोन ओळी सहीच्या आधी असल्या पाहिजेत.